नऊ नंबरचा जोडा

ही गोष्ट रचलेली नाही. माझ्या आतेभावाच्या, ललितच्या घरात घडली आहे. शेवटचा भाग तर मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय. विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा, मी वाद घालणार नाही.

वेळ रात्रीची नाही. याच वर्षीचा मे महिना, भर दुपारचे सव्वाबारा. जागा दीपनगरची, वीज केंद्राच्या कॉलनीतला दुसरा मजला.

मे महिन्यात आमच्या खानदेशात दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. म्हातारी माणसं म्हणतात, भुतांनाही दुपारच बरी, कुणी हटकायला नसतं.

ललित वीज केंद्रात कामाला. त्या दिवसांत सलग रात्रपाळी चालू होती. सकाळी यायचा, दोन घास पोटात ढकलायचा आणि ओल्या चादरीखाली आडवा व्हायचा. पण झोप काही लागायची नाही. वर्षभर लागली नव्हती.

कारण चंदन.

चंदन त्याचा मित्र, असोद्याचा, केळीच्या बागा असलेल्या घरचा. दोघांना डोंगरात सायकल चालवायचं वेड. रविवारी पहाटे जामनेरच्या पुढे डोंगरात जायचे आणि ऊन चढायच्या आत परत यायचे. गेल्या वर्षी मे महिन्यात पंक्चर झालं, उशीर झाला. लाल मुरमाच्या उतारावरून येताना चंदनचा उजवा पाय पेडलवरून सटकला... आणि तो खाली दगडांवर गेला.

सव्वाबारा वाजले होते.

लोक म्हणाले, नशीब. ललितही मान हलवायचा. पण त्याच्या पोटात एक गोष्ट होती आणि ती त्याने बायकोलाही सांगितली नव्हती.

डोंगरातल्या या सायकलींचं पेडल सपाट असतं. पाय अडकवायला काही नसतं, नुसत्या बारीक टोकदार पिना असतात. बुटाचा तळवा त्या पिनांत रुतला पाहिजे. त्यासाठी सपाट, चिकट रबराचा, मधे न वाकणारा तळवा लागतो. पळायचे बूट घातले तर पाय कधी दगा देईल, सांगता येत नाही.

हे सगळं ललितला पाठ होतं. आणि अपघाताच्या दोन दिवस आधी चंदनचा फोन आला होता.

"भाऊ, पाय सटकू राह्यला पेडलवरून. नवे बूट घेऊ का? तू चाल ना संगे जळगावले."

ललित रात्रपाळी करून आलेला. डोळे मिटत होते. तो म्हणाला, "अरे, ते पळायचे आहेत ना, तेच घाल. काही होत नाही."

काही होत नाही!

बरं, एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. तेराव्याला आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने छत्री आणि जोडा दान करतात. त्याची पुढची वाट तापलेली असते, पाय भाजू नयेत म्हणून. चंदनची आई, कुंदामावशी, ललितलाच म्हणाली, "बापा, जोडा तूच आण. तुले त्याची आवड माहीत हाये."

ललित रात्रपाळीवरून थेट मार्केटात गेला. दुकानदाराने विचारलं, कितवा नंबर? ललित बोलून गेला, आठ.

आठ हा त्याचा स्वतःचा नंबर. चंदनचा नऊ.

बसस्टँडवर आल्यावर लक्षात आलं. परत फिरायचं म्हणजे पुन्हा तेवढंच ऊन. तो तिथेच बाकावर बसला आणि मनाशी म्हणाला, 'मेलेल्या माणसाला कसला आलाय नंबर?'

हे वाक्य लक्षात ठेवा.

त्यानंतर वर्षभर सायकल गॅलरीत धूळ खात पडली. शेवटी त्याची बायको मयुरी वैतागली. "एक तर चालवा, नाहीतर विकून टाका. दोन्ही होत नसेल तर मी तिच्यावर पापड वाळत घालते." वर्षश्राद्ध आठवड्यावर आलं होतं. ललितला वाटलं, त्या दिवशी त्या उतारावर जावं, एकट्याने. मग तरी झोप येईल.

तो जळगावला धनसिंगच्या सायकलच्या दुकानात गेला. धनसिंग धुळ्याकडचा, बोलका माणूस. त्याने पाच जोड काढले. ललितने एकेकाचा तळवा अंगठ्याने दाबला, मधे वाकवून पाहिला, बोटांवरचं कडक टोपण ठोकून बघितलं. तासभर लावला.

एवढा वेळ चंदनसाठी दिला असता तर... हे त्याच्या मनात आलंच. त्याने आठ नंबरचा एक जोड घेतला.

घरी येऊन खोकं गॅलरीत ठेवलं. उघडलंही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आडवा पडला होता. मयुरी कामावर. कूलर घरघरत होता. आणि लाईट गेली. वीज केंद्राच्या कॉलनीत लाईट जाते, याच्यावर ललित एरवी हसला असता.

सगळं शांत झालं.

मग गॅलरीतून आवाज आला...

खर्रर्र... टक्.

ललितने डोळे उघडले. हा आवाज कुणालाही कळला नसता. त्याला कळला. पिनांवरून तळवा घसरतो तेव्हा असा आवाज येतो.

तो उठून गेला. गॅलरीत कुणी नव्हतं. सायकल भिंतीला टेकलेली. पण उजवं पेडल... गरगर फिरत होतं.

हळूहळू थांबलं.

वारा तर पानही हलवत नव्हता.

त्याने खोकं उघडलं. बूट जागेवर होते. उजवा उलटा केला... तळव्यावर पिनांचे खड्डे होते. खोल, घासलेले. डावा अगदी कोरा.

दुसऱ्या दिवशी तो तणतणत दुकानात गेला. धनसिंगने बूट उलटापालटा केला आणि त्याचा बोलका चेहरा पडला.

"भाऊ, मी तुले नवाच जोडा दिन्हा व्हता. पन हाऊ ते वापरेल शे. सहा महिना तरी." तो दोन्ही तळवे शेजारी धरून बघत राहिला. "आनि एकच पायना?"

धनसिंग बदलून देत होता. ललितने घेतला नाही. का, ते त्यालाही सांगता येत नाही.

त्यानंतर रोज. सव्वाबारा वाजले की...

खर्रर्र... टक्.

चौथ्या दिवशी तो घाबरलासुद्धा नाही. इतका थकला होता. कूस बदलून म्हणाला, "चंदन, झोपू दे रे."

उठला तेव्हा उजवी नडगी ठणकत होती. पायजमा वर केला.

एका रांगेत चार टोचे. रक्त सुकलेलं.

पाय सटकला की पेडलच्या पिना नडगीत घुसतात. चंदनला दगडांतून उचललं, तेव्हा ललितने त्याच्या पायावर हेच पाहिलं होतं. चार टोचे.

मग मात्र त्याने ठरवलं. मावशीला सगळं सांगायचं. तिने घरातून हाकललं तरी चालेल.

वर्षश्राद्धाच्या दिवशी तो धनसिंगकडून नऊ नंबरचा जोडा घेऊन असोद्याला गेला. तसाच, सपाट तळव्याचा. पिशवीत गुंडाळलेला, बाहेरून काही दिसत नव्हतं. दुपार होती. कुंदामावशी ओट्यावर बसली होती. ललितने चप्पल काढायच्या आत ती म्हणाली,

"नऊ आणले ना?"

ललितने हातातल्या पिशवीकडे पाहिलं. आठ नंबरचं तो कुणाला म्हणजे कुणालाच बोलला नव्हता.

"तुला... कसं कळलं, मावशी?"

"तो येतो ना." ती इतकं साधं बोलली, जणू चंदन बागेतून जेवायला येतो. "रोज दुपारी. इथंच बसतो, तू उभा हाये तिथं. बूट काढतो, बोटं चोयतो. म्हणतो, माय, बोटं दुमडतात वं. आठ नंबर हाये."

ललित दोन पावलं मागे सरला.

"मी म्हटलं त्याले, ललितले सांगू का? तं म्हणे, नको. थकेल असतो तो."

ललित मटकन खाली बसला आणि रडला. वर्षाचं सगळं बाहेर पडलं. फोनचं सांगितलं. चंदनने काय विचारलं, आपण काय म्हणालो, सगळं.

मावशी ऐकत होती. पदराने वारा घेणारा तिचा हात थांबला.

मग म्हणाली,

"हे नव्हतं सांगतलं त्यानं माले."

एवढंच. पिशवी उचलली आणि आत गेली. त्या दिवशी जोडा दान झाला. पंगतीत तिने ललितला पुरणपोळी वाढली, तूपही वाढलं. पण त्याच्याकडे पाहिलं नाही.

त्या दिवसापासून आवाज बंद.

आता वाटेल, सुटला बिचारा. मलाही तसंच वाटलं, म्हणून जूनच्या सुरुवातीला मी त्याला भेटायला गेलो. पाहतो तर तो आणखी खंगलेला. भर दुपारी ताठ बसून घड्याळ बघत होता.

सव्वाबाराला त्याचा मोबाईल वाजला. कुंदामावशी. ती आता रोज याच वेळेला फोन करते. आवाज बाहेर येत होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

"ललित... चंदन येत नाही रे आता. तुह्याकडे येतो का?"

ललितने डोळे मिटले. "नाही, मावशी. इथंही नाही येत."

"बरं." फोन ठेवला नाही. नुसता श्वास ऐकू येत राहिला.

मला ते ऐकवेना. मी उठून गॅलरीत गेलो.

सायकल भिंतीला टेकलेली. वर्षभरात खाली उतरलेली नाही, हे मयुरीनेच मला सांगितलं होतं. मी सहज वाकलो...

टायरच्या खाचांत लाल मुरूम होता. ओलसर, ताजा. दीपनगरात सगळीकडे राखेची करडी धूळ, लाल मुरूम आणायचा कुठून?

पेडलकडे पाहिलं. दोन्हींकडच्या पिनांना काळ्या रबराचे बारीक कण चिकटले होते. दोन्हींकडच्या. पाय घट्ट रुतून बसला की चिकटतात तसे.

आणि माझ्यासमोर उजवं पेडल... सावकाश अर्धा फेरा फिरलं.

मी हात लावला नव्हता.

आतून ललितचा आवाज येत होता. "नाही, मावशी. खरंच नाही. आला तर सांगेन."

मी ते त्याला सांगितलं नाही. सांगणार होतो. पण तो तोवर बसल्या जागी झोपला होता, मोबाईल हातात तसाच. इतक्या दिवसांनी झोपलेल्या माणसाला कसं उठवायचं? मी दार ओढून घेतलं आणि निघालो.

उद्या सांगतो, असं म्हणत महिना झाला. मावशीचा फोन अजून रोज येतो, असं मयुरी म्हणते.

आणि हल्ली दुपारी सव्वाबाराला मलाही झोप लागत नाही.