रंगाचं पाणी

दुपारी दोनला ती फिल्मशाळेच्या सामानखोलीत शिरली तेव्हा तिच्या हातात सरांनी दिलेली यादी होती. एक सुरा, एक डोळा नसलेली बाहुली, बंद पडलेलं घड्याळ. तीस वर्षं हीच यादी. माणसाचे केस पिकतात, पण भीती म्हणजे काय ही समज मात्र आठवीतल्या पोराचीच राहते.

सिनेमा धाकट्या भावाचा होता, शेवटच्या वर्षाचा. एक बाई घरी येते आणि तिला कळतं, आत कुणीतरी आहे. एवढीच गोष्ट. तिनं स्वतः दुसऱ्याच वर्षी याच सरांच्या टेबलावर ओळखपत्र आपटून शाळा सोडली होती. आज भाऊ गयावया करत होता म्हणून त्यातल्या दृश्याचं टेबल मांडून द्यायला आली. सर ते टेबल कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर बघणार आणि पुढचं चित्रीकरण होऊ द्यायचं की नाही ते ठरवणार. नाही म्हणाले, तर भावाचं वर्ष गेलंच. मग घरात दोघंही बिनपदवीचे, आणि बाबांच्या टोमण्यांना दुप्पट गिऱ्हाईक.

सेटवर यादीतलं सगळं मांडलं तर टेबल भंगाराच्या हातगाडीसारखं दिसायला लागलं. तिनं एकेक वस्तू उचलली. शेवटी उरलं टेबल आणि एक खुर्ची, आणि त्यावर तिनं स्वतःचा म्हणून ठेवला तो एक वाफाळता कप. रिकाम्या घरात गरम कप... म्हणजे कुणीतरी आत्ताच उठून गेलंय. आणखी काय हवं?

कपात चहा नव्हता. किटलीतलं गरम पाणी आणि तपकिरी रंग. ही इथली जुनी पद्धत. कुणी पिऊन टाकत नाही, पातळी तीच राहते. प्रत्येक शॉटमध्ये सगळं सारखंच दिसावं म्हणून तिनं फोटो काढून ठेवला.

मग सर आले आणि अर्धा तास बोलले. सुरा का काढला, बाहुली कुठंय, भीतीला वस्तू लागतात हे तिला शाळेत असतानाही कळलं नव्हतं वगैरे. भाऊ मान खाली घालून हो सर, हो सर करत होता. तिनं दात आवळून ऐकून घेतलं.

बोलणं संपलं तेव्हा तिचं कपाकडे लक्ष गेलं. वाफ निघतच होती. दाट, सरळ, आत्ता ओतल्यासारखी. बोट बुडवलं तर चटका बसला. तिनं फोटो उघडला. कपात घोटभर कमी होतं.

"तू प्यायलीस?" भावानं हळूच विचारलं.

"वेडा आहेस का... रंग आहे तो."

खोलीत तिघंच होते. तिनं खुर्ची दोन बोटं मागे ओढली. कुणाला नीट बसता यावं, इतकीच. असं का केलं, ते तिला सांगता आलं नसतं.

कॅमेरा सुरू झाला. पंखे बंद, दार बंद. वाफ सरळ वर चढत होती... मग एका बाजूला लवली. थांबली. पुन्हा लवली. गरम चहावर माणूस सवडीनं फुंकर घालतो, तशी.

सर पडद्याकडे वाकले. जन्मात न थांबलेलं ते तोंड थांबलं.

"करा चित्रीकरण," ते म्हणाले. परवानगीच्या कागदावर सही केली आणि टेबलाला लांबून वळसा घालून, जेवणाऱ्या माणसाला धक्का लागू नये तसे अंग चोरत, बाहेर गेले.

भाऊ आभार मानायला त्यांच्यामागे पळाला. ती आवरायला राहिली. कप उचलायला गेली, तर हलेना. जड नव्हता. पलीकडून धरलेला होता. जोर नाही, राग नाही. नुसतं धरून ठेवलेलं, अजून संपवायचं असल्यासारखं. तळाशी दोन घोट तपकिरी पाणी.

तिला भीतीपेक्षा लाजच जास्त वाटली.

"थांबा," ती कुजबुजली. "हे रंगाचं पाणी आहे... खरा चहा करून आणते."

कप अलगद तिच्या हातात आला.