अर्ध्या तासाचा फरक

"ड्रायव्हरदादा, टॉर्च जरा डावीकडे धरा ना!" अँब्युलन्सच्या डॅशबोर्डखाली डोकं खुपसून ती ओरडली.

टॉर्च डावीकडे सरकला. मग वर, मग पुन्हा खाली... निमूटपणे. वायर जोडून, केसांत धूळ माखून ती बाहेर आली, तेव्हा समोर इस्त्रीचा शर्ट घातलेला एक उंच तरुण.

"ड्रायव्हर चहाला गेलेत," तो म्हणाला. "मी शेजारच्या देशातला इंजिनिअर. आजपासून तुमच्याबरोबर काम करायचंय."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही बोलू कुठे दिलंत?"

शहरातल्या अँब्युलन्सना वाट दाखवणारी यंत्रणा एका दूरच्या परदेशी कंपनीची होती. गेल्या वर्षी कसल्याशा वादात कंपनीनं ती दिवसभर बंद ठेवली आणि गाड्या आंधळ्यासारख्या फिरल्या. हॉस्पिटलात फोनवर बसणारी तिची वहिनी त्या दिवशी घरी येऊन जेवलीसुद्धा नाही. शेजारच्या देशातही तीच रड. शेवटी दोन्हीकडच्या विद्यापीठांनी ठरवलं, मिळून स्वतःची यंत्रणा उभी करायची. नकाशा हिच्या प्रयोगशाळेचा, गाडीतलं यंत्र त्याच्या.

प्रयोगशाळेत सगळे त्याला 'पाहुणे' म्हणू लागले. तीही. भांडणंही तिचीच सर्वांत जास्त.

"तुमच्या यंत्राला आमचा नकाशा वाचताच येत नाही!"

"नकाशाच सारखा रागावलेला... यंत्रानं तरी काय करावं?"

ती मान फिरवायची. हसू दिसू नये म्हणून.

चाचणीचा दिवस उजाडला. चाचणी यशस्वी झाली नाही, तर परदेशी कंपनीचाच करार पुढे चालणार होता. ऐन वेळी एका गाडीतलं यंत्र बिघडलं. पाहुण्यांनी घरून आणलेलं जादा यंत्र बसवलं आणि स्वतःच त्या गाडीत चढले. ती हॉस्पिटलच्या नियंत्रण कक्षात पडद्यासमोर, शेजारी कानाला फोन लावलेली वहिनी.

फोन आला. एका आजींना श्वास घेता येत नव्हता. पाहुण्यांची गाडी सर्वांत जवळ. गाडी निघाली आणि पडद्यावरचा तिचा ठिपका विझला.

"वन्सं, गाडी कुठंय?" वहिनीचा आवाज चिरका झाला. "आजींचा मुलगा रडतोय."

वायरलेसवर त्याचा आवाज आला, "वाट दिसत नाहीये... चौकात अडकलोय."

"थांब, येईल ठिपका," मागून विभागप्रमुख म्हणाले. "आत्ता कंपनीची जुनी यंत्रणा लावलीस, तर सगळ्यांच्या मेहनतीवर पाणी पडेल."

क्षणभर ती रिकाम्या पडद्याकडे पाहत राहिली... आणि तिनं नवी बंद करून जुनी यंत्रणा चालू केली.

आजी वाचल्या. चाचणी फसली. विभागप्रमुख दार लोटून निघून गेले.

संध्याकाळी तो आला, चेहरा उतरलेला. "बरं केलंत तुम्ही. मीही तेच केलं असतं." मग खुर्ची ओढत— "संस्थेनं परत बोलावलंय मला. परवा."

तिनं कॉम्प्युटर त्याच्याकडे वळवला. दोघं खांद्याला खांदा लावून दिवसभराचे संदेश तपासू लागले. एकाएकी ती ताठ झाली.

"तुमच्या गाडीचे संदेश आले होते, सगळे! आमच्या यंत्रणेनं शिळे म्हणून फेकून दिले. अर्ध्या तासापूर्वीचे समजून."

त्याच्या देशातलं घड्याळ अर्धा तास मागे होतं.

"घरून आणलेलं यंत्र... वेळ बदलायची राहिली. चूक माझी."

"दोन देश, दोन घड्याळं... हे माझ्या तरी कुठे डोक्यात आलं? उद्या समितीला दोघं मिळून सांगू."

"दोघं?"

"हो... दोघं." तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

समितीच्या अध्यक्षबाईंनी सगळं ऐकून घेतलं, दुसऱ्या चाचणीची मागणीही. "म्हणजे पुन्हा रुग्णांच्या जिवाशी खेळायचं?"

"नाही," ती म्हणाली. "जुनी यंत्रणा तयार ठेवू. आपली चुकली, तर मी स्वतः बंद करीन. काल केली तशी."

बाईंनी समोरची फाइल मिटली. "काल तुम्ही ती बंद केलीत, म्हणूनच परवानगी देतेय."

पाहुण्यांच्या संस्थेनं त्यांना चाचणीपुरतं राहू दिलं.

या वेळी सगळे ठिपके पडद्यावर होते. फोन आला. त्याचा ठिपका निघाला, अडला... तिनं श्वास रोखला, वहिनीनं तिचा हात घट्ट धरला... वळला, गल्लीत शिरला आणि नेमका दारात थांबला. तिथून रुग्णाला घेऊन सरळ हॉस्पिटलात.

"पोचलो!" वायरलेसवर आवाज आला आणि कक्षात टाळ्यांचा कडकडाट झाला. विभागप्रमुखांनी चष्मा काढून डोळे पुसले.

वायरलेस पुन्हा खरखरला. "माझं इथलं काम झालं. उद्या परत जायचं की... तुम्ही म्हणाल तसं."

सगळा कक्ष तिच्याकडे वळला. तिनं बटण दाबलं. शब्द ओठांपर्यंत येऊन अडखळले.

"थांब."

वहिनीनं भुवया उंचावल्या. "अहो-जाहो कुठे गेलं, वन्सं?"

तिनं ऐकलंच नाही. "थांब ना..."

पलीकडे नुसती खरखर. मग त्याचा आवाज आला, हसू दाबत असलेला—

"थांबलो."