एका वेळी तिघंच

या रे, जवळ सरका. लाईट काही आता येत नाही. रेल्वेतल्या तुळशीरामचा प्रशिक तुम्हाला ठाऊक आहे ना? त्याच्यासोबत झालेली गोष्ट. साल दोन हजार दोन, पोळ्याची आदली रात्र.

रायपूरला राजधानी होऊन दोन वर्षं होत आली होती. ज्याला त्याला नवे लेटरहेड हवे होते. सगळीकडचं 'मध्यप्रदेश' काढून 'छत्तीसगढ' करायचं होतं. तिथल्या तात्यापारा मोहल्ल्यात दयाराम भैयाचं कंपोझिंगचं दुकान होतं. त्याला जेवायला फुरसत नव्हती, आणि नेमक्या त्याच वेळी मशीनी अडून बसल्या.

कॉम्प्युटरचं नेटवर्क प्रशिकनेच नव्याने जोडलेलं, तोच त्याचा धंदा. आतल्या खोलीत एक मोठी मशीन, कंपोझिंगचा प्रोग्राम फक्त तिच्यात. बाहेरच्या मशीनी वायरीने तोच वापरायच्या. पण प्रोग्रामच्या कंपनीची परवानगी एका वेळी तिघांचीच. चौथ्याने उघडला की पडद्यावर यायचं : जागा नाही, थांबा. आता दुकानात मशीनी तीन, माणसंही तीन. तरी काही दिवसांपासून दोघांनाच काम करता येत होतं. तिसऱ्याला तेच. जागा नाही, थांबा.

प्रशिकने वायरी बदलल्या. प्रोग्राम काढून परत टाकला. तो असेपर्यंत ठीक चालायचं, त्याची पाठ वळली की पुन्हा तीच रड. त्याचं डोकं पार उठलं होतं. धंदा नवा, एका दुकानात नाव गेलं की सदर बाजारापर्यंत बोभाटा.

त्या संध्याकाळी दयाराम भैयाचा संयम सुटला. "परसों माल देना है. सुबह तक चालू नहीं हुआ, तो अपनी सारी वायर उखाड़ के ले जाना." एवढं बोलून तो जिना चढून वर घरात गेला.

टायपिंग करणारी रीना पर्स उचलता उचलता प्रशिकपाशी थांबली.

"भैया, एक सांगू? रागावू नका. तुमच्या आधी, शर्मिष्ठादीदी होती तेव्हा इथं आम्ही चौघं होतो. मशीनी चार, जागा तीन. दीदी सगळ्यात नवी. कुणीही आलं की तिलाच उठवायचे. दिवसभर बेंचवर बसून राहायची बिचारी. सगळे गेले की मग हिचं काम सुरू. अशीच उशिरा लूनावर घरी चालली होती... ट्रकने उडवलं."

"मग?"

"मग काय. भैयाजीने चौथी मशीन विकून टाकली."

"मी इथं वायरी पाहून राहिलो अन् तू मले भुतं सांगून राहिली! काहून डोकं खाते? जा घरी."

रीना गेली. प्रशिकने शटर अर्धं ओढलं आणि कामाला लागला.

बाहेरच्या तिन्ही मशीनींवर प्रोग्राम बंद केला. मोठ्या मशीनवर पाहिलं, तर प्रोग्राममध्ये एक जण बसलेला. त्याने ती बंद करून परत चालू केली. पुन्हा एक जण. मग तो चिडून उठला आणि जिथे बाहेरच्या सगळ्या वायरी येतात, त्या हबमधून एकेक वायर ओढून काढली. सगळ्या त्याच्या हातात आल्या. तीन हिरवे दिवे विझले.

चौथा विझला नाही.

त्या भोकात वायरच नव्हती. दिवा लुकलुकत होता. कुणीतरी काम करत असलं की लुकलुकतो, तसा.

बाहेरच्या खोलीतून आवाज आला. टक... टक टक... टक.

तो बाहेर आला. चौथ्या मशीनच्या जागी, कोपऱ्यात नुसतं टेबल होतं. रिकामं.

प्रशिक ओरडला, "कोण आहे बे? ऊठ ना! ऊठ तिथून!"

आवाज थांबला.

काहीच हललं नाही. पंखाही नाही. पण त्या कोपऱ्यातून कुणीतरी आपल्याकडे पाहतंय, हे त्याला कळलं. रागाने नाही. परत उठवलं, म्हणून...

पळावं वाटत होतं, पळवेना. मग तो हळूच म्हणाला,

"ताई... बसा तुम्ही. होऊ द्या तुमचं. मी थांबतो."

आणि तो बेंचवर जाऊन बसला.

...टक. टक टक टक.

रात्रभर. तो नुसता ऐकत राहिला. कधी भरभर, कधी एकेक. एकदा एक लांब श्वास ऐकू आला... त्याचा नव्हता. पहाटे आवाज बंद पडला. आत जाऊन पाहिलं, चौथा दिवा विझलेला.

सकाळी वायरी जोडल्या. तिन्ही मशीनी झटक्यात उघडल्या. दयाराम भैया खूश. "हव, अब हुआ ना काम!" प्रशिक आपलं सामान आवरत होता. डोळे लाल, ओठ कोरडे.

पुढे दिवाळीत काम वाढलं, भैयाने अजून दोन मशीनी आणल्या. प्रशिक म्हणाला, "उघडणार नाहीत." पण चौथी उघडली. पाचवीला मात्र : जागा नाही, थांबा. भैयाने कंपनीच्या माणसाला बोलावलं. त्याने कागद पाहिले, डिस्क पाहिली, दोन्हीवर तीन. मग मोठ्या मशीनवर परवानगीचा आकडा पाहिला, तो बदलल्याची तारीख पाहिली, पोळ्याच्या आदल्या रात्रीची, आणि विचारलं, "ये किसने किया?"

तिथे चार होते.