सहाव्या फेरीचा ताप

"डावीकडे घे! डावीकडे! अगं भिंत, भिंत!" पोपट ओरडला.

"दिसतेय मला भिंत!" भिंगरी किंचाळली. तिने बटण जिवाच्या आकांताने दाबलं. पण पडद्यावरची लाल गाडी आधी थबकली, मग जागच्या जागी थरथरली आणि शेवटी एकदम उडी मारून सरळ भिंतीवर जाऊन आदळली.

"संपलं," डॉक्टर वहीत लिहीत म्हणाली. "सहावी फेरी. काल पण सहावीच होती."

भिंगरी एका जागी दोन मिनिटं टिकत नसे, म्हणून ती भिंगरी. डॉक्टर तिची वर्गमैत्रीण, समोरच्याच घरात राहणारी. घड्याळ असो की सायकल, ती आधी लक्षणं विचारायची आणि मग खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढायची. पोपटाला पोपट का म्हणतात, हे त्याच्याशी एक मिनिट बोललेल्या माणसाला सांगावं लागत नसे.

तेवढ्यात लाकडी भिंतीपलीकडून आवाज आला, "दहा फेऱ्या! एकदाही न धडकता! वा राजे, वा!"

स्वतःच स्वतःला शाबासकी देणारा हा राजे म्हणजे भिंगरीचा चुलतभाऊ, तिच्याहून वर्षाने मोठा. खाली भिंगरीच्या बाबांचं आणि काकांचं मिळून शिवणकामाचं दुकान होतं आणि वर दोघांची बिऱ्हाडं. तीन महिन्यांपूर्वी राजेला नवाकोरा कम्प्यूटर मिळाला आणि त्याचा जुना भिंगरीकडे आला. जुना असला म्हणून काय झालं? राजेकडे होता तेव्हा तो असा पळायचा की बघत राहावं! भिंगरी तासन्‌तास राजेच्या खुर्चीमागे उभी राहायची आणि मनात म्हणायची, हा एक दिवस माझा होणार. आणि आता झाला, तर मेला सहाव्या फेरीला बैलगाडी व्हायचा!

"मी जरा पलीकडे जाऊन पाणी पिऊन येतो," पोपट हळूच म्हणाला.

"पाणी इथेही आहे."

"तिथलं गार असतं."

पोपट गेला. पलीकडच्या खोलीत कसलं पाणी आहे ते भिंगरीला चांगलं ठाऊक होतं. तिथे भिंतीएवढा पडदा होता आणि न अडखळणारी गाडी होती. सुट्टी लागली तेव्हा सगळी टोळी भिंगरीच्या खोलीत जमायची. आता एकेक जण पाण्याला जायचा तो तासाभराने परतायचा. भिंगरीच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

त्यात रविवारी चार वाजता शर्यत होती. शाळेच्या कम्प्यूटरच्या सरांनी सुट्टीत ठेवलेली. प्रत्येकाने आपापल्या घरून खेळायचं, दहा फेऱ्या, पहिला येईल तो शाळेच्या संघाचा कप्तान. भिंगरीला कप्तान व्हायचं होतंच. पण खरं सांगायचं तर राजे कप्तान होऊ नये असं तिला त्याहून जास्त वाटत होतं.

ती तडक पलीकडे गेली.

"तू मुद्दाम बिघडवून दिलास ना मला?"

"काय?" राजेने मान वळवली.

"कम्प्यूटर! सगळ्यात वेगवान फेरी त्याच्यावर तुझ्या नावावर आहे. ती मी मोडेन म्हणून तू काहीतरी करून ठेवलंस!"

राजे खो खो हसला. "आपल्याला गाडी चालवता येत नसेल, तर मशीनला नावं ठेवू नयेत, बाईसाहेब!"

पोपटही हसला. लगेच त्याने तोंडावर हात ठेवला, पण भिंगरीने पाहायचं ते पाहिलं होतं.

*

शनिवारी सकाळी डॉक्टर तपासाला बसली.

"लक्षणं सांग."

"सुरुवातीला मस्त पळतो. दहा-बारा मिनिटांनी रडायला लागतो. बंद करून तासाभराने लावला, की परत मस्त."

"नको ते प्रोग्राम काढलेत?"

"सगळे काढले. व्हायरसही शोधला. काही नाही!"

"मग ताप बघू," डॉक्टर म्हणाली. तिने एक छोटासा प्रोग्राम सुरू केला. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा आला. चाळीस. गाडी पळू लागली तसा तोही पळू लागला. साठ, ऐंशी, पंचाण्णव! आणि पंचाण्णवला आकडा पोचला, त्याच क्षणी गाडी थबकली.

"बघ! फार तापला की तो स्वतःहूनच कामाचा वेग कमी करतो. नाहीतर जळेल बिचारा."

"पण पंखे तर फिरतायत!"

डॉक्टरने वहीच्या पानाची पट्टी फाडली आणि खोक्याच्या पुढच्या जाळीला लावली. पट्टी खाली पडली. परत लावली, परत पडली. "इथून हवा आत ओढली जायला हवी. कागद चिकटून राहायला हवा. जा, राजेच्या मशीनला लावून बघ."

राजे पोहायला गेला होता. भिंगरीने त्याचं मशीन सुरू करून पट्टी लावली. चटकन चिकटली. कागदसुद्धा त्याच्याचकडे राहतो, असं मनात येऊन तिला आणखीच राग आला.

डॉक्टरने पुढची जाळी दोन्ही हातांनी धरून ओढली. खट्! जाळी सुटली आणि दोघी बघतच राहिल्या.

जाळीला आतून करड्या रंगाचं कापड लावलं होतं. कडा दुमडून, कोपरे जुळवून, अगदी मापात! आणि त्यावर धुळीचा जाड थर बसला होता.

"हे कंपनीचं नाही," डॉक्टर कुजबुजली. "कोणीतरी हाताने शिवलंय."

भिंगरीने कापड उजेडात धरलं. बारीक टाके, आणि शेवटी दोन गाठी. तिचे बाबा दोरा संपवताना एकच गाठ मारायचे. दोन गाठी मारणारा माणूस घरात एकच होता.

"काका!"

आता काकांची गोष्ट अशी, की त्यांना कुठलीही वस्तू बिनअस्तराची बघवत नसे. "अस्तर लावलं की आयुष्य दुप्पट!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांनी भाजीच्या पिशव्यांना अस्तर लावलं होतं, चष्म्याच्या डबीला लावलं होतं, सायकलच्या सीटला तर दोनदा लावलं होतं.

डॉक्टरला घरून जेवायची हाक आली. "आत्ताच्या आत्ता काकांना सांग, याने मशीन गुदमरतं म्हणून," असं बजावून ती गेली. भिंगरी कापड घेऊन खाली दुकानात आली. काका खडूने पँटीवर खुणा करत होते.

"काका, हे तुम्ही लावलंत?"

"सापडलं वाटतं!" काकांचा चेहरा खुलला. "अगं, मशीन तुझ्याकडे आलं त्याच दिवशी लावलं. दुकानातला सगळा कचरा उडून तुझ्याच खोलीत येतो. म्हटलं, पोरीच्या मशीनला धूळ नको."

म्हणजे राजेने काहीच केलं नव्हतं. भिंगरीला बरं वाटायला हवं होतं. पण उलट तिला जास्तच चिडल्यासारखं झालं, कारण आता राग काढायला माणूसच उरला नव्हता.

"आणि ऐक," काकांनी आवाज खाली आणला. "राजेच्या नव्यालाही शिवून तयार आहे. डबल अस्तर! उद्या सकाळी तो पोहायला गेला की बसवतो. बोलू नकोस हं त्याला, गंमत करायची आहे."

भिंगरीने तोंड उघडलं. काका, यानेच तर सगळा घोटाळा झालाय, एवढंच म्हणायचं होतं. पण तिच्या डोळ्यांसमोर खो खो हसणारा राजे आला. तोंडावर हात धरणारा पोपट आला. एकदा कळू दे त्याला! फक्त एका शर्यतीपुरतं!

"नाही सांगणार," ती म्हणाली आणि कापड खिशात कोंबून वर पळाली.

त्या रात्री दोन्ही घरं एकत्र जेवताना राजेने तिला विचारलं, "काय गं, सुधारला का तुझा पेशंट?" भिंगरीने मान खाली घालून भाताचा घास तोंडात कोंबला. आईने दोनदा विचारलं, तरी तिने पुन्हा भाजी घेतली नाही.

*

रविवारी चारच्या ठोक्याला शर्यत सुरू झाली. डॉक्टर समोर आपल्या घरी, आईच्या कामाच्या साध्या लॅपटॉपवर. पोपटाकडे कम्प्यूटर नव्हता, म्हणून तो राजेच्या खोलीत धावतं वर्णन करायला.

"राजे पहिले! भिंगरी दुसरी! बाकीचे कुठे दिसतच नाहीत!"

भिंगरीची गाडी लोण्यासारखी पळत होती. सहावी फेरी आली. आकडा साठवर. गाडी थबकली नाही!

आणि भिंतीपलीकडून राजेचा आवाज आला. "अरे! अरे, काय झालं? चल ना!"

भिंगरीची लाल गाडी राजेच्या निळ्या गाडीशेजारून सुसाट पुढे गेली. पहिली! आयुष्यात पहिल्यांदा ती राजेच्या पुढे होती. पुढची अख्खी फेरी तिला इतका आनंद झाला, इतका, की ती खुर्चीतच उड्या मारत होती.

"चल ना रे! प्लीज!" पलीकडे राजे विनवत होता. मग त्याचा आवाज चिरका झाला. "ते जुनं मशीन तिला द्यायलाच नको होतं मी! बघ कशी पळतेय! सगळं तिलाच मिळतं!"

भिंगरीचे हात थांबले. सगळं तिलाच मिळतं? हे तर तिचं वाक्य होतं! गेले तीन महिने रोज, राजेकडे बघून, मनातल्या मनात ती हेच म्हणत होती. दुसऱ्याच्या तोंडून ते किती वाईट ऐकू येत होतं! आणि राजेचं मशीन असं का झालंय, हे अख्ख्या घरात फक्त तिला माहीत होतं.

आठवी फेरी अर्धी झाली होती. भिंगरी उठली आणि धावली.

"ए, काय करतेस? नवा आहे तो!" राजे ओरडला. तोवर तिने जाळी धरून खट्कन उपटली होती. आतून जाडजूड डबल अस्तर बाहेर आलं.

"हे होतं! याने हवा अडते! आता थंड होईल, जरा थांब!"

पण शर्यत कोणासाठी थांबते? राजेची गाडी धापा टाकत होती, भिंगरीची पलीकडे एका वळणावर कठड्याला टेकून उभी होती. त्या दोन गाड्यांच्या मधून एक पिवळी गाडी अगदी सावकाश, कुठेही न धडकता, अंतिम रेषेपार गेली.

"डॉक्टर जिंकली!" पोपट केकाटला.

आरडाओरडा ऐकून काका मापाची टेप गळ्यात तशीच ठेवून वर आले. मागोमाग आई आणि बाबा. जमिनीवर पडलेलं कापड बघून काकांचा आवाज चढला. "कोणी उपटलं माझं अस्तर?"

"काका, याने मशीनचा जीव गुदमरतो," भिंगरी म्हणाली.

"काहीतरीच! किती विरळ कापड आहे. हवा आरपार जाते!"

"मग नाकातोंडाला बांधा आणि जिना चढा-उतरा. फक्त तीनदा."

"तीनदा? दहादा चढतो!"

काकांनी ऐटीत कापड बांधलं. पोपट मोजायला उभा राहिला. पहिल्या वेळी काका हात हलवत आले. दुसऱ्या वेळी कठडा धरून आले. तिसऱ्या वेळी अर्ध्या जिन्यातच बसकण मारली. चेहरा लालबुंद झाला होता, नाकी नऊ आले होते!

"काढा! काढा हे!"

"काका, कम्प्यूटरला दहा फेऱ्या मारायच्या असतात!" पोपट म्हणाला. आई-बाबा पोट धरून हसले. समोरून धावत आलेली डॉक्टर जिना चढायची विसरून तिथेच हसत राहिली.

काकांनी दम खाल्ला, कपाळ पुसलं आणि भिंगरीच्या पाठीवर थाप मारली. "शाबास, पोरी! हरलो मी. आणि पोपट सांगतोय, स्वतःची जिंकलेली शर्यत सोडून भावासाठी धावलीस! याला म्हणतात मन!"

आई कौतुकाने बघत होती. बाबाही. भिंगरीला वाटलं, आता गप्प बसलं तर ही शाबासकी आपलीच.

"नको काका. शाबासकी नको. मला कालच माहीत होतं. तुम्ही बसवणार हेही माहीत होतं. तरी मी बोलले नाही."

काकांचा हात तिच्या पाठीवरून खाली आला.

"का?" राजेने विचारलं.

"जळत होते तुझ्यावर. पहिल्या दिवसापासून."

राजेने काकांनी काढून टाकलेलं अस्तर उचलून त्याची घडी घातली. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "मी फक्त दहा मिनिटं जळलो. तेवढ्यात जीव नकोसा झाला. तू तीन महिने कशी राहिलीस?"

आईने भिंगरीला जवळ ओढलं. "कौतुक आता करायला हवं खरं तर," ती काकांना म्हणाली. "आधीचं थोडं चुकलंच आपलं." काकांनी मान डोलावली आणि पुन्हा एक थाप दिली, या वेळी हळू.

"चल," राजे आपल्या खोलीत शिरून खुर्ची ओढत म्हणाला. "दोघांच्याच दहा फेऱ्या. आत्ता. कप्तान बघतील, कोणाला संघात घ्यायचं ते."

"दोघांनाही घेईन," डॉक्टर ऐटीत म्हणाली. "पण हरणाऱ्याने रडायचं नाही."

"मी हरले तर जळणार," भिंगरी म्हणाली. "आधीच सांगून ठेवते."

"चालेल," राजे म्हणाला. "फक्त मोठ्याने जळ. मला ऐकू आलं पाहिजे."