कापसाच्या खोलीतला श्वास

चष्म्याचा नंबर काढायला जालन्याला चालले, असं घरी सांगून मी निघाले. डोळे माझे चांगले होते. पण मनाच्या आजारासाठी दवाखान्यात चालले, असं आमच्या घरात म्हणायची सोय नव्हती. माझे मालक भागवत मला घनसावंगीपर्यंत मोटारसायकलवर सोडायला आले. मी जीपमध्ये बसल्यावर ते खिडकीशी वाकून इतकंच म्हणाले, "मायला काय बोलू नको."

लग्न होऊन गोदावरीकाठच्या ह्या गावात आले तेव्हा मला काही नव्हतं. उन्हाळ्यात सुरू झालं. भाकरी थापता थापता एकाएकी छाती धडधडायची, हाताला मुंग्या यायच्या, घसा कुणी आवळल्यासारखा व्हायचा आणि वाटायचं, आता आपण मरतोय. थोड्या वेळानं सगळं ओसरायचं, आणि मी चुलीपुढं घामानं भिजून बसलेली असायची. जालन्याच्या हृदयाच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, हृदय ठणठणीत आहे म्हणाले आणि मानसोपचाराचा दवाखाना सुचवला. माझ्या सासूबाई झुंबरबाई, त्यांना मी आत्या म्हणते, त्यांनी ते ऐकून घेतलं आणि हातातलं काम न थांबवता म्हणाल्या, "हातीपायी धड हाय. खाती-पिती. काय झालं न्हाई तुला."

दवाखान्यात डॉक्टरांनी एक बारीक गोळी दिली आणि शरयू मॅडमकडे पाठवलं. त्या समुपदेशक. बाई शांत होत्या, घड्याळाकडे बघत नव्हत्या. माझं सगळं ऐकून म्हणाल्या, "दैवशालाताई, हा आजार आहे, नाटक नाही. आणि तो बरा होतो." मी तिथंच रडले. एवढ्या महिन्यांत हे वाक्य मला कुणीच म्हटलं नव्हतं.

त्यांनी मला श्वास घ्यायला शिकवलं. हळू आत घ्यायचा, जरा धरायचा, त्याहून हळू सोडायचा. रोज, एखाद्या निवांत जागी.

आमच्या घरात निवांत जागा एकच. पडवीच्या टोकाची, पश्चिमेकडं दार असलेली कापसाची खोली. भाव वाढेपर्यंत कापूस तिथं साठवायचा. भिंतीपर्यंत पांढरा ढीग, सरकीचा तेलकट वास, वर एवढासा झरोका. कापूस आवाज पिऊन टाकतो. आत गेलं की पडवीतल्या भांड्यांचा आवाजसुद्धा लांबच्या गावाहून आल्यासारखा वाटतो. दुपारी सगळे पाठ टेकायचे, तेव्हा मी दार लोटून आत बसायची.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, आपलाच श्वास आहे. मग मी माझा धरला. दुसरा थांबला नाही.

तो ढिगाच्या पलीकडून येत होता. भराभर, तुटक, धावून आलेल्या माणसासारखा. मधेच घशात अडकायचा, पुन्हा सुरू व्हायचा. मी ढिगाच्या कडेनं जाऊन पाहिलं. भिंत होती, आणि भिंतीला टेकून कुणी बसावं तेवढाच कापूस दबलेला होता.

मला पळावंसं वाटायला हवं होतं. पण मी परत जागेवर येऊन बसले.

पुढच्या भेटीत मी शरयू मॅडमना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. झोप किती लागते, गोळी वेळेवर घेता का, तो आवाज काही करायला सांगतो का, सगळं नीट विचारलं. मग म्हणाल्या, "तो श्वास ऐकला की तुमचं काय होतं?"

"मी शांत होते, मॅडम. कारण ती माझ्याहून जास्त घाबरलेली असते."

मॅडमनी वहीतून मान वर केली. "ती... का म्हणालात?"

"आपसूक आलं तोंडात."

"त्या खोलीत आधी कोण राहायचं, घरी विचारून बघा," त्या म्हणाल्या.

भागवतना विचारलं तर ते उठून बाहेर गेले. मग मी आत्यांपुढं बसले. त्या सुपात तूर पाखडत होत्या. मी विचारल्यावर सूप हातातच थांबलं.

"दीपमाला," त्या म्हणाल्या. "माझी पोरगी."

भागवतना एक बहीण होती आणि ती तापानं गेली, एवढंच मला माहीत होतं.

"ताप न्हवता," आत्या सुपाकडं बघत म्हणाल्या. "जीव घाबरून राह्यलाय म्हणायची. सासरच्यांनी आणून घातली. इथं बी तेच. मोकळ्या हवेत जाऊ द्या म्हणायची अन् रस्त्यानं पळत सुटायची. लोकं बघायचे. मंग कडी लावायला लागलो."

"बाहेरून?"

"मंग काय आतून?"

"जालन्याला न्हाई नेलं?"

त्या तुरीतला खडा शोधल्यासारखं करत राहिल्या. "आम्ही सगळे वेचणीला गेल्तो. आल्यावर कडी काढली तर... दोन्ही हातांनी गळा धरून बसल्ती, थंडगार. कडीचं कसं सांगावं लोकांना... ताप सांगितला."

जालन्याचा रस्ता तेव्हाही हाच होता. जीपा तेव्हाही जायच्या. त्यांनी ते माझ्या तोंडावर वाचलं असावं. त्या सूप घेऊन आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून मी खोलीत मोठ्यानं बोलायला लागले. शरयू मॅडम मला सांगायच्या तसं. "दीपमालाताई, हा आजार आहे. तू नाटक करत न्हाईस. आता हळू घे... धर... सोड." ढिगापलीकडचा श्वास आधी ऐकायचाच नाही. मग मधेच एखादा लांब यायचा आणि पुन्हा घाई. शिकायला मलाही तसाच वेळ लागला होता. थंडी पडेपर्यंत आम्ही दोघी एका लयीत आलो. माझा श्वास कुठला आणि तिचा कुठला, हे कधीकधी मलाच कळायचं नाही.

मी बरी होत गेले. चुलीपुढं छाती धडधडली तरी ती मला मारणार नाही, हे मला कळायला लागलं. शरयू मॅडम म्हणाल्या, आता महिन्यातून एकदा आलात तरी चालेल. मी खोलीत जाऊन तिलाही सांगितलं. "ताई, मला बरं वाटून राह्यलंय. आता रोज येणार न्हाई मी."

पलीकडून लांब श्वास आत गेला. शांत, भरपूर. मग ती थांबली. मी वाट पाहिली, बरीच. सोडल्याचा आवाज मला आला नाही. शेवटी मीच उठून बाहेर आले.

शेवटच्या वेचणीला आम्ही सगळे शेतात गेलो. आत्यांचे गुडघे दुखत होते म्हणून त्या घरी राहिल्या. दुपार कलताना परत आलो तर पडवी रिकामी. कापसाच्या खोलीचं दार बंद होतं. बाहेरची कडी मात्र मोकळी लोंबत होती.

"माय?" भागवतनी दार ढकललं. ते हललं नाही. खांदा लावला, तरी नाही.

आतून श्वास ऐकू आला. भराभर, तुटक. आणि मग आत्यांचा आवाज, कापसातून आल्यासारखा दबका. "दार उघडा रे... जीव घाबरून राह्यलाय... जल्दी..."

मी फळीला तोंड लावलं. "आत्या, मी हाय. हळू घ्या. आत घ्या... धरा... सोडा."

आत्यांचा श्वास तसाच पळत राहिला. पण त्याच्या शेजारी दुसरा एक होता. माझ्या सांगण्याबरोबर तो हळू आत गेला, धरला गेला, हळू सुटला. मी बोलायची थांबले. तो थांबला नाही. माझ्याशिवायही त्याला आता बराबर जमत होतं.

भागवतनीही ऐकलं. ते दारापासून मागं सरकले, आणि त्यांच्या तोंडून इतकंच निघालं, "ताई..."

गावातल्या धर्मराज सुताराला बोलावलं. त्यानं पहार घालून बिजागऱ्या उचकटल्या आणि दार चौकटीतून काढून अंगणात ठेवलं. आत्या ढिगापलीकडं भिंतीला टेकून बसल्या होत्या. दोन्ही हात गळ्यावर. डोळे उघडे. जिवंत होत्या. "दार का लावलं रे," त्या भागवतना म्हणाल्या. "किती हाका मारल्या मी."

धर्मराजनं अंगणातलं दार उलटं केलं. आतल्या बाजूच्या फळ्यांवरून हात फिरवला, वरून खालपर्यंत, पुन्हा एकदा. "वहिनी, ह्याला आतून कडीच न्हाई. कधी बसवलेलीच न्हाई. मंग दार धरलं कशानं?"

आत्यांना आता तेच होतं. जेवताना, देवापुढं, भर बाजारात. भागवत स्वतः त्यांना जालन्याला नेतात. बहिणीसाठी त्यांना जो रस्ता सापडला नाही, तो आईसाठी त्यांना तोंडपाठ आहे. गावात कुणी विचारलं तर उघड सांगतात, मनाचा आजार आहे, औषधानं बरा होतो. शरयू मॅडम आत्यांसमोरही तशाच शांत बसतात. आत्यांना थोडा फरक आहे. व्हायलाच हवा. मला राग येतो का? येतो. पण गोळीची आठवण मीच करते त्यांना.

ते दार आम्ही परत बसवलं नाही. फोडून जाळलं. चौकट मोकळीच आहे, कापूसही विकला. खोली रिकामी, झाडून काढलेली. दुपार कलली की पश्चिमेचं ऊन अंगणातून पडवीत चढतं, पडवीतून त्या चौकटीपर्यंत येतं. उंबऱ्यावर येऊन ते सरळ रेषेत तुटतं, बंद दारावर पडल्यासारखं. तिथंच उभं राहतं, आणि आत पाऊल टाकत नाही.