खिंडीतला पोंचो

मेहुण्याच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं निवृत्त ग्रंथपाल स्वतःला समजावत असे. राहून कसलं गेलं! पत्र तर त्याच्या चष्म्याच्या घरात घडी होऊन पडलं होतं.

‘भाऊजी, सायकलने खिंड ओलांडून वरच्या तळ्यापर्यंत जायचं आपलं दोघांचं ठरलं खरं, पण पावसाचं काय? डोक्यावरून घालायचा, झुलीसारखा पोंचो घेऊ की बाह्यांचा रेनकोट? हलकं हवं. तुम्ही कळवाल ते घेईन.’

त्या शेवटच्या वाक्याने ग्रंथपालाची गाळण उडाली. जन्मभर त्याने लोकांना पुस्तकं काढून दिली होती. सल्ला कुणालाच दिला नव्हता. त्याने मिळेल ते वाचून काढलं. पोंचो स्वस्त, आत हवा खेळती, घाम नाही. पण उघड्या वाऱ्यात त्याचं शीड होतं! हे कळवायलाच हवं होतं. पण आपलं चुकलं तर? त्याने उत्तरं लिहिली आणि फाडली. मग एके दिवशी गुपचूप स्वतःपुरता बाह्यांचा रेनकोट घेऊन आला.

निघायच्या सकाळी मेहुणा दारात हजर, सायकलला पोंचोची गुंडाळी बांधून.

“तुमचं उत्तर नाही आलं, म्हटलं आपणच घ्यावं!”

“ह्यांना विचारलंस?” ग्रंथपालाची बायको हसली. “भाजी आणायला पाठवलं तर भाजीवरचं पुस्तक आणतील! जा, आणि दोघंही धड परत या.”

सूचीपर्णी झाडांमधून रस्ता वळणं घेत चढत होता. दुपारी झिमझिम सुरू झाली. पोंचोखाली मेहुणा कोरडा ठणठणीत, शीळ घालत चाललेला. ग्रंथपाल मात्र रेनकोटात घामाने निथळत होता.

“भाऊजी, बटाटा शिजतोय का आत?”

ग्रंथपालाला हायसं वाटलं. बरं झालं, लिहिलं नाही!

झाडं संपली. खिंडीचं तोंड आलं. डावीकडे कडा, उजवीकडे दरी. आणि वारा सुटला!

पोंचो फुगला. त्याची टोपी मेहुण्याच्या डोळ्यांवर आली. सायकल दरीकडे ओढली जाऊ लागली.

“भाऊजी! दिसत नाहीये!”

ग्रंथपालाने सायकल टाकली. धावला. पोंचोचं टोक हाती आलं, निसटलं, पुन्हा आलं! त्याने सगळा भार टाकून मागे ओढलं. कापड टरकन फाटलं. दोघे खडीवर आपटले. मेहुण्याची सायकल कठड्यावरून गेली आणि खाली बराच वेळ वाजत राहिली.

मेहुण्याचा हात मनगटापाशी सुजला होता. पावसात तो थरथर कापू लागला. ग्रंथपालाने आपला रेनकोट काढून त्याच्या अंगावर चढवला. स्वतः फाटका पोंचो गुंडाळला आणि सायकलच्या जादा ट्यूबने कमरेशी करकचून बांधला. मग वारा त्यात शिरेना.

“तळं त्या वळणापलीकडेच आहे, भाऊजी,” मेहुणा दात वाजवत म्हणाला. लहानपणापासून ह्या तळ्याचं वेड होतं त्याला.

“असू दे. तुझ्या बहिणीला तळं नकोय. मागे फीर.”

उरलेली सायकल ढकलत ते उतरले. रस्ता दुरुस्त करणाऱ्यांच्या चौकीत शेगडी पेटलेली होती. ऊब लागल्यावर मेहुण्याने रेनकोटाची बाही चाचपली.

“झकास आहे हो. भाऊजी, माझं पत्र तुम्हाला मिळालंच नाही का?”

“नाही,” ग्रंथपालाच्या तोंडून निघून गेलं.

“तरीच! टपालाचा काही नेम नाही.”

हात गळ्यात बांधून मेहुणा आपल्या गावी परतला. जाईल तिथे सांगू लागला, भाऊजींनी जीव वाचवला! प्रत्येक कौतुक ग्रंथपालाला चटक्यासारखं लागे. त्यात दारात पोस्टमन दिसला की बायको त्याला फैलावर घेई: “माझ्या भावाचं पत्र हरवलंत ना!” तो बिचारा मान खाली घाली.

एकदा ते ऐकताच ग्रंथपाल टेबलाशी बसला. ह्या वेळी कागद फाडला नाही.

‘तुझं पत्र मिळालं होतं. उत्तरही ठाऊक होतं. चुकेन म्हणून लिहिलं नाही आणि तुला मरणाच्या दारात नेलं. वर खोटं बोललो. बाह्यांचा घे. काखेत चेन असलेला, म्हणजे बटाटा शिजणार नाही. तळं राहिलंय. मला नेशील का, ते कळव.’

“कुणाला एवढं?” बायकोने विचारलं.

त्याने कागद तिच्या हातात दिला. तिने वाचला. मग छत्री पुढे केली.

“जा. आत्ताच्या आत्ता टाका.”

टपालपेटीच्या तोंडाशी बोटं क्षणभर सुटेनात. मग त्याने पाकीट सोडलं.