बिनखिळ्याची भिंत

खिळा वाकला, भिंतीच्या पांढऱ्या मातीचा ढपला सुटून खाली आला आणि दचकलेल्या महानंदाच्या हातून हातोडी निसटून खिडकीबाहेर गेली. खाली गल्लीत सायकलची घंटी वाजली... आणि मग कुणीतरी ओरडलं.

“ओ! वर कोण हाय? डोस्कं फोडता का आमचं?”

डोळे चोळत महानंदानं खाली वाकून पाहिलं. एक उंच, सावळा तरुण एका हातात सायकल आणि दुसऱ्या हातात तिची हातोडी धरून उभा होता. केसांत सुताचे पांढरे तंतू, म्हणजे यंत्रमागावरची पाळी संपवून घरी निघालेला. रागावल्यासारखं दिसायचा त्यानं खूप प्रयत्न केला, पण मातीनं माखलेलं तिचं नाक दिसलं आणि त्याला हसू आवरेना.

“लागलं का हो?” तिनं घाबरून विचारलं.

“नाही लागलं. पण लागलं असतं तर बरं झालं असतं. तुमी खाली तरी आला असता.”

काय हा आगाऊपणा! महानंदानं खिडकी लावून घेतली. पण हातोडी त्याच्याकडेच राहिली होती ना... ती द्यायला तो माडीवर आलाच. आणि त्याच्या पाठोपाठ, धापा टाकत, घरमालकीण नागूबाई.

“माझ्या भिंतीला खिळा?” नागूबाईंनी कमरेवर हात ठेवले. “दर दिवाळीला ह्या हातांनी सारवते मी ती. परत खिळा दिसला तर खोली रिकामी करायची, सांगून ठेवते!”

नागूबाई गेल्या आणि महानंदाच्या आईनं डोक्याला हात लावला. उद्या मुलगी बघायला पाहुणे येणार होते. आता, भिंतीचा आणि पाहुण्यांचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. अहो, चौऱ्याहत्तर साल ते. पाहुणे बसायचे त्यांच्या समोरच्या भिंतीवर मुलीच्या हातचं काहीतरी चौकटीत लावलेलं दिसलंच पाहिजे! मण्यांचा हंस, लोकरीचा मोर, नाहीतर नुसतं ‘सुस्वागतम्’. ते नसेल तर मुलीला काही येत नाही, असा अर्थ निघायचा. आणि महानंदाला खरंच काही येत नव्हतं. तिनं भरलेला मोर बघून तिच्या धाकट्या बहिणींनी ‘ही कोंबडी कुणाची?’ म्हणून विचारलं होतं. म्हणून गल्लीतल्या एका मैत्रिणीचा मण्यांचा हंस मागून आणला होता, तोच लावायला ती खिळा ठोकत होती.

“खिळा कशाला लागतो?” तो तरुण वर बघत म्हणाला. “तुळई हाय की.”

त्यानं खिशातून सुताची वळलेली दोरी काढली, मागावरची, चिवट. स्टुलावर चढून ती तुळईवरून टाकली, दोन्ही टोकं चौकटीच्या कड्यांत ओवली. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांना मागून चिंधीच्या लहानशा गाद्या चिकटवल्या, भिंतीला ओरखडा पडू नये म्हणून. हंस किंचित पुढं झुकून स्थिर झाला.

“वाकडा वाटतोय,” महानंदा म्हणाली.

“वाकडा नाही. खाली बसणाऱ्याला नीट दिसावा म्हणून झुकवलाय. बसून बघा.”

ती बसली. तिनं हंसाकडं बघायचं सोडून स्टुलावरच्या माणसाकडं बघितलं... आणि त्यानंही ते बघितलं. आईनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढं ठेवली तेव्हा कळलं की तो पलीकडच्या गल्लीतला अंबादास. घरात आई — तिला तो अम्मा म्हणे — आणि एक जुना हातमाग.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. मुलाच्या मावशीनं हंसाकडं एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं आणि म्हणाली, “हा हंस आम्ही मागच्याच महिन्यात दुसऱ्या घरी बघितलाय की.”

झालं! पोहे अर्धे टाकून पाहुणे उठले. गल्लीतल्या सगळ्या मुलींच्या लग्नाला हिंडणारा तो एकच हंस, पण फजिती झाली महानंदाची.

ती फजिती ऐकून अंबादास इतका हसला की महानंदाला आधी राग आला आणि मग तीही हसत सुटली. तो आता दर रविवारी यायचा. सुताची दोरी ताणली जाते, चौकटी खाली येतात, येऊन बघावं लागतं... असं त्याचं म्हणणं. देवाची तसबीर, महानंदाच्या वडिलांचा, अप्पांचा, शाळेतला गटाचा फोटो, सगळं त्यानं तुळईवरून टांगून दिलं. ती स्टूल धरायची. तो वरून म्हणायचा, “घट्ट धरा हं. पडलो तर तुमच्याच अंगावर पडंन.”

“मग मी सोडूनच देते!”

“सोडा की... बघू.”

ती सोडायची नाही. हिवाळ्याचं कोवळं ऊन खिडकीतून यायचं, त्याच्या सदऱ्याला सुताच्या खळीचा वास यायचा, आणि रविवार फार लवकर संपायचा.

पुन्हा एक स्थळ येऊन गेलं, तेही नाही म्हणालं. आईचं जेवण कमी झालं. मग नातेपुत्याहून निरोप आला, आडत दुकान असलेलं घर, मुलगा गुरुलिंग. “ह्या वेळी मागून आणलेलं नको,” आई म्हणाली. “कुणी कधी बघितलं नसेल असं काहीतरी पाहिजे.”

“मी विणून देतो,” अंबादास म्हणून गेला. आणि आई चुलीकडं वळल्यावर हळूच महानंदाला, “काय काढू?”

“चिमणी.”

“चिमणी कोण विणतं हो? मोर सांगा, राघू सांगा...”

“मला चिमणी आवडते.”

त्यानं चिमणी विणली. अम्माच्या हातमागावर, उरल्यासुरल्या सुतानं, तपकिरी पाठ, करडं पोट, आणि दाणा टिपायला वाकलेली मान. पाहुणे यायच्या आदल्या दुपारी तो ती घेऊन आला. वर ओवलेल्या काठीला दोरी बांधून तुळईवरून सोडली. चिमणी भिंतीवर उतरली, आणि महानंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं सुंदर कुणी तिच्यासाठी कधी काही केलं नव्हतं.

“आवडली?”

“हिला बघून ते लोक हो म्हणाले तर?” तिनं विचारलं.

अंबादास स्टुलावरून खाली उतरला. नेहमीचं हसू कुठंतरी गेलं होतं.

“आन् नाही म्हणाले तर?” तो म्हणाला. “नाही म्हणाले, तर मी अम्माला तुमच्या आईकडं पाठवणार हाय. जात वेगळी, आमच्या घरातली भाषा वेगळी... तुमचे अप्पा हाकलून देतील, हे बी ठावं हाय. पर पाठवणार.”

महानंदानं नुसती मान हलवली, वर आणि खाली, लहान मुलीसारखी. त्या रात्री तिनं देवापुढं उभं राहून एकच मागितलं, हे स्थळ मोडू दे.

पाहुणे आले. गुरुलिंग शांत, जरा लाजरा. डोळे चहाच्या कपात. बोलत होती त्याची आत्या बजाबाई. अंबादासला आईनं पाण्याची घागर वर आणून द्यायला बोलावलं होतं. तो दारातच थांबला होता. बजाबाईंची नजर चिमणीवर गेली आणि त्या उठून जवळ गेल्या.

“अगं बया! जित्ती दिसतीया की! पोरी, तूच भरलीस व्हय गं ही?”

शेतकरी घरात दिलेली बाई. विणलेलं कुठलं आणि भरलेलं कुठलं, हे तिला काय ठाऊक? आई पटकन ‘होय’ म्हणायला पुढं झाली. एक ‘होय’, की काम झालं असतं. पण त्याआधीच महानंदानं मान वर केली.

“नाही. मी नाही केली. मला भरतकाम येत नाही, विणकामही येत नाही. ही ह्यांनी विणलीय, आमच्यासाठी. माझ्या हातचं ह्या घरात काही नाही.”

अप्पांचा चेहरा उतरला. आईनं पदर तोंडाला लावला. महानंदानं दाराकडं पाहिलं. अंबादासचे डोळे चमकत होते... आता उठतील, आता जातील, आता सुटलो!

आणि बजाबाई खो खो हसायला लागल्या.

“ऐकलंस का रं गुरुलिंगा? पाच घरं फिरलो, समद्यांनी दुसऱ्याचं आपलं म्हणून दावलं. ही एकटी खरं बोलली. असली पोरगी दिवा घिऊन हुडकली तरी गावायची न्हाय.” त्यांनी महानंदाच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. “पसंत हाय आमाला. आन् ही चिमणी बी द्या तिच्या संगं.” सगळी खोली हसली.

गुरुलिंगनं पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडं पाहिलं आणि ओशाळं हसला. चांगला माणूस होता तो. तेच तर वाईट झालं. वाईट असता तर तिला त्याचा राग तरी करता आला असता.

अप्पा साखर आणायला धावले. रात्री महानंदानं आईला सगळं सांगून टाकलं. आई ओरडली नाही, मारलं नाही. कोपऱ्यात झोपलेल्या दोन धाकट्या बहिणींकडं बघत राहिली. “ह्यांना मग कोण करून घेईल, सांग,” एवढंच म्हणाली. महानंदानं धाकटीच्या अंगावरचं सरकलेलं पांघरूण सारखं केलं.

लग्नाच्या आधीच्या रविवारी अंबादास चिमणी उतरवायला आला. आतल्या खोलीत बायका पापड लाटत होत्या. त्यानं दोरी सोडली, चिमणी गुंडाळून तिच्या हातात दिली.

“तिथं बी मातीच्याच भिंती असतील,” तो म्हणाला. “खिळा मारू नका.”

“मला कुठं टांगता येतं?”

“गाठ दाखवतो. बसा.”

दोघं जमिनीवर बसले, मध्ये दोरी. त्याची बोटं सावकाश चालली, तिची त्यांच्यामागून.

“मी ते खरं तुमच्यासाठी बोलले होते,” ती दोरीकडं बघत म्हणाली. “त्यांनी उठून जावं म्हणून.”

“कळलं व्हतं मला.”

“मग तुम्ही का नाही बोललात?”

“बोलणारच व्हतो. तोंड उघडलं बी... तेवढ्यात समदी हसली. समद्यांबरोबर मी बी हसलो. कसा हसलो, मला कळलं नाही.” त्यानं दोरीचं टोक बोटाला गुंडाळलं. “लई जीव हाय माझा तुमच्यावर. हे त्या दिवशी सांगायचं व्हतं.”

“माझाही आहे,” महानंदा म्हणाली. रडत नव्हती ती, पण दोरी दिसत नव्हती तिला. “जन्मभर राहील.”

आतून आईनं हाक मारली. महानंदाच्या हातात गाठ झाली होती, नेटकी, घट्ट, अगदी त्याच्यासारखी. तिनं ती सोडून टाकली.

“नाही जमली. परत दाखवा.”

त्यानं परत दाखवली. तिनं बांधली आणि सोडली. आईनं पुन्हा हाक मारली, ह्या वेळी जरा मोठ्यानं. अंबादासनं दोरी तिच्या ओंजळीत ठेवली, क्षणभर तिच्या मुठीवर हात ठेवला आणि उठला.

“जमलीय तुला, महानंदा,” तो म्हणाला. तिचं नाव त्यानं आजवर कधी घेतलं नव्हतं. “आता मला जाऊ दे.”